कंपाउंडर साहेब कुठं गेले?

बाबा गेल्यापासून आमच्या अकोल्याच्या घरी कोणी रिकाम्या हातानं येत नाही. येणारा बिस्किटांचा एक पुडा आणतो आणि एक किस्सा आणतो. पुडे आम्ही वाटून संपवले. किस्से मात्र संपत नाहीत. उलट एक सांगून कोणी उठतो न उठतो, तेवढ्यात दाराशी चपला काढणारा म्हणतो, "अवो, हे तं काहीच नाही, माह्या घरची गोष्ट आयका!"

मी एकुलती एक लेक. अमरावतीला एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. दर शनिवारी आईकडे येते, या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसते आणि लोकांकडून माझ्याच बाबांविषयी ऐकते. खरं सांगू? हसू येतं, पण बसवत नाही. मधेच उठून पाणी पिऊन येते. आता हे लिहायला बसले, तर गॅस बंद आहे का ते दोनदा बघून आले. गॅस बंदच होता.

बाबा, म्हणजे वानखडे कंपाउंडर. तेल्हाऱ्याच्या ढोरांच्या दवाखान्यात सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर आई-बाबा अकोल्याला आले. इथल्या नगरातलं बुद्धविहार त्यांनीच उभं केलं म्हणतात. "म्हणतात" अशासाठी की, विटा वाहताना मी त्यांना पाहिलंय, पण कौतुक करून घेताना कधीच पाहिलं नाही. कौतुक सुरू व्हायच्या आत ते निघून गेलेले असत.

*

विहारात दर रविवारी सकाळी वंदना असते. त्रिशरण, पंचशील, आणि शेवटी पंधरा मिनिटं ध्यान. ध्यान बाबाच घेत. आवाज असा शांत लावत की, बायका म्हणायच्या, साहेब बोलले की रक्तदाब उतरते.

एका रविवारी सगळे डोळे मिटून बसलेले. बाबांचा आवाज, "श्वास आत येऊन राहिला, श्वास बाहेर जाऊन राहिला, मन एका जागी ठेवा..." मग आवाज थांबला. लोकांना वाटलं, आता खोल ध्यान लागलं असेल. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस झाली! शेवटी पंचफुलाबाईंनी एक डोळा उघडून पाहिलं. पुढचं आसन रिकामं!

लोक बाहेर आले. बाबा विहाराच्या मागे, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, तुंबलेली नाली काडीनं मोकळी करत होते.

पंचफुलाबाई चिडल्या. "काहो कंपाउंडर साहेब, आमाले डोये मिटाले लावून तुमी कुठं गेलते?"

बाबा म्हणाले, "बाई, ध्यानात तुमचं मन इकडे तिकडे जाते का नाही?"

"जाते ना."

"माह्यं बी गेलं. मी फक्त त्याच्या मांगं गेलो!"

*

हा दुसरा किस्सा एका नवरदेवानं सांगितला. आता तो चाळिशीचा आहे, पोट सुटलंय, तरी सांगताना घाम पुसत होता.

बौद्ध पद्धतीची लग्नं बाबा लावत. अट एकच, पत्रिकेवर जो टाइम छापला, त्याच टाइमावर लग्न. आमच्याकडे मे महिन्यात लग्नं आणि अकोल्याचा मे म्हणजे काय ते अकोल्यात राहिल्याशिवाय कळत नाही. मंडपात म्हातारी माणसं पेपरनं वारा घेत बसलेली, लहान लेकरं रडतायत, आणि वरात अर्धा किलोमीटरवर डीजेसमोर नाचतेय.

पत्रिकेवर अकरा पस्तीस होते. अकरा पस्तीसला बाबांनी माइक हातात घेतला आणि त्रिशरण सुरू केलं! नवरी स्टेजवर एकटी. सगळा मंडप उभा राहिला, पंचशील झालं, गाथा सुरू झाल्या. कोणीतरी धावत जाऊन वरातीत सांगितलं. नवरदेवाचा बाप डीजे सोडून पळत आला.

"अवो साहेब, नवरदेवच नाही, तं लगन कोणाचं लावून रायले?"

बाबा माइकवरच म्हणाले, "जे टायमावर आले त्यायचं!"

पाठोपाठ नवरदेव पळत आला. फेटा एका कानावर, बुटात खडे. पुढचं लग्न दोघांचं मिळून लागलं.

"तवापासून मी कुठंच लेट गेलो नाही ताई," तो मला म्हणाला. "पण उपयोग काय? पंधरा वर्षं झाली, बायको अजून ऐकवते, माह्यं लगन तुमच्यापेक्षा अर्धा घंटा आधी लागलं, घरात मीच सीनियर हाये!"

*

आता हा किस्सा मी चहा गाळत असताना कानावर पडला आणि गाळणी हातातच राहिली.

प्रमोद नावाचा एक माणूस तेल्हाऱ्याहून आला होता. त्याचं तिथं खता-बियाण्यांचं दुकान आहे. पिढीजात मोठे शेतकरी. तो शाळेत असतानाची गोष्ट. त्यांच्या घरची गाय अडली होती. वासरू आडवं आलेलं, डॉक्टर रजेवर, म्हणून बाबांना बोलावलं. बाबांनी सदरा काढला, हाताला तेल लावलं आणि दोन तास खपून गाय मोकळी केली. गाय वाचली, कालवडही वाचली.

प्रमोदची आजी जुन्या वळणाची. तिनं बाबांच्या हातावर वरून, लांबून पाणी ओतलं. मग चहा आला. गोठ्याच्या कोनाड्यात दांडी तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असायचा, त्यात.

बाबांनी कप हातात घेतला. फेकला नाही, ओरडले नाहीत. फिरवून फिरवून नुसता पाहिला आणि म्हणाले, "आजी, या गाईच्या पोटात माहा हात आत्ता खांद्यापर्यंत गेलता. आता हिचं दूध तुमी कोणत्या कपात पेसान?"

कप तसाच खाली ठेवला आणि सायकलवर बसून गेले.

"आजी तीन दिवस घरातल्या दुधाले शिवली नाही!" प्रमोद सांगत होता. "चवथ्या दिवशी चहाबिगर डोकं असं दुखाले लागलं, का बोंबलत उठली आन् गिलासभर पेली! मंग तिनंच तो कप उकंड्यावर फेकाले लावला."

बैठकीत सगळे हसले. प्रमोदही हसला, मग त्याचे डोळे भरले आणि तो हात जोडून बसून राहिला. मी चहा आणून ठेवला. आमच्याच रोजच्या कपांत, सगळ्यांना सारखा. इतकी वर्षं एका घरात राहून बाबांनी हे मला एकदाही सांगितलं नव्हतं. मी आईला आत जाऊन विचारलं, "तुला माहीत होतं?"

आई म्हणाली, "त्या दिवशी घरी आले ते चहा मांगे ना. एवढंच मालूम."

*

आईचा किस्सा आई स्वतः सांगते, आणि दर वेळी तितक्याच जोरात हसते.

लग्न होऊन आली तेव्हा आईला अक्षरओळख नव्हती. बाबा दुपारी वस्तीतल्या बायकांचा वर्ग घ्यायचे. आई तिथं जायला तयार नव्हती. "नवऱ्यापुढं पाटी घेऊन बसू? लोकं हासतीन!" म्हणून बाबांनी घरीच सुरू केलं. पण बाबांना एका जागी बसून शिकवणं कुठलं जमायला! ते चालता चालता शिकवायचे. डब्यावरचं वाच, कॅलेंडरवरचं वाच, पिशवीवरचं वाच. आई भाकरी थापता थापता अक्षरं जुळवायची.

एकदा बाबांची कंबर धरली. दोन दिवस बामानं सुटली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅगेतून एक मलमाचा डबा काढला आणि उघडे पालथे पडून आईला म्हणाले, "हे चोळ. जोरात."

आईनं डबा हातात घेतला. झाकणावर मराठीत काही छापलेलं होतं. एकेक अक्षर जोडत, कोणी न सांगता, आईनं आयुष्यातली पहिली ओळ वाचली, "फ...क्त... ज...ना...व...रां...सा...ठी."

मग बाबांकडे बघून म्हणाली, "बराबर हाये."

आणि चोळलं!

बाबा कळवळत उठले ते कंबरेसाठी नाही. अख्ख्या गल्लीत सांगत सुटले, "आमच्या बाईनं वाचलं! पूर्ण ओळ वाचली!" काय वाचलं, ते मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

*

आता माझी गोष्ट. टाळत होते, पण सांगून टाकते.

कॉलेजात असताना मी प्रशांतशी लग्न करायचं ठरवलं. प्रशांत वरूडचा. संत्र्याचा बगीचा, हिंदू शेतकरी घर. समतेवर बाबांची भाषणं ऐकत मोठी झालेली मी! मला वाटलं, बाबा लगेच हो म्हणतील. बाबा जेवत होते. हातातला घास ताटात ठेवला.

"तुले तिथं चहा कोणत्या कपात भेटन, पायलं का?"

मला तेव्हा काही कळलं नाही. कप कुठून आला मधेच? मी भांडले. तुम्ही बाहेर एक बोलता, घरात एक वागता, असं काहीबाही बोलले. ते उठून निघून गेले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी घरातून गायब! रात्री उशिरा उगवले ते हातात संत्र्यांची थैली घेऊन.

वरूडला जाऊन आले होते. बसनं, एकटे, कोणाला न सांगता. प्रशांतच्या शेतावर गेले आणि म्हणाले, "वानखडे. तेल्हाऱ्याच्या ढोराच्या दवाखान्यात असतो. तुमचे ढोरं पाहाले आलो." खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम. तो पाळला, कारण त्यांनी खरोखर ढोरं पाहिली! एका गाईच्या शिंगाला पट्टी बांधून दिली. चहा झाला. निघताना त्यांनी प्रशांतच्या वडलांना मुद्दाम मोठ्यानं जयभीम घातला.

"मंग?" आईनं विचारलं.

"म्हाताऱ्यानं मले खालून वर पायलं. मंग म्हणे, जयभीम. गेटपर्यंत आला सोडाले."

"आन् पोरगा?"

"पोराशी मी काही बोललोच नाही. त्याचे बैल पायले." बाबांनी थैली माझ्यापुढे ठेवली. "दोन्ही बैलाचे खांदे पायले. केस गेला नाही, गाठ नाही, जखम नाही. पेरणीच्या दिवसात ज्याच्या बैलाच्या खांद्यावर जखम नाही, त्याच्या घरी पोरगी देता येते!"

पुढे सहा महिने दोन्हीकडून बरीच आदळआपट झाली, ती सांगत बसत नाही. आज वीस वर्षं झाली. प्रशांतला राग आला की तो म्हणतो, "मले नाही, माह्या बैलायले पसंत केलं तुह्या बापानं!"

*

पण सगळंच असं गोड नव्हतं. नाहीतर मी अशी उठबस कशाला केली असती?

लग्नाच्या आधी मला अमरावतीची नोकरी लागली, त्या दिवसाचं सांगते. पत्र हातात घेऊन मी अंगणात धावत गेले. बाबा सायकल काढत होते, कुठल्यातरी गावात म्हशी आजारी होत्या. मी म्हटलं, "बाबा, मला नोकरी लागली!"

"बेस झालं," म्हणाले. डोक्यावर हात ठेवला आणि पायडल मारलं.

बस! मी पत्र घेऊन तिथंच उभी. मला त्यांना सगळं सांगायचं होतं. इंटरव्ह्यूत काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. रात्रीच्या जेवणापर्यंत ते आलेच नाहीत, आले तेव्हा सोबत चार माणसं होती.

दुसऱ्या दिवशी दूधवाला म्हणाला, "ताई, अभिनंदन! इंटरव्ह्यूले एकशे दहा पोरं होते म्हणे!" शिंपी म्हणाला, पोस्टमन म्हणाला. ज्याच्या म्हशी आजारी होत्या, तो माणूस तर पाच किलोमीटरवरून पेढे घेऊन आला!

मी बाबांना गाठून म्हटलं, "सगळ्या तेल्हाऱ्याशी माझ्या नोकरीविषयी बोललात. माझ्याशी का नाही?"

बाबा ओशाळले. पहिल्यांदा आणि शेवटचं. म्हणाले, "तुले तं मालूमच होतं ना!"

मी हसले नाही. अजूनही या किश्शावर मला हसता येत नाही, तुम्ही हसा.

*

बाबांसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहार भरलं, बाहेर रस्त्यावर सतरंज्या टाकाव्या लागल्या. एकेक जण उठून बोलत होता. साहेब आमच्या बापाच्या आजारपणात रोज येत. साहेब आमच्या पोराचा फॉर्म भरायला तालुक्याला आले. साहेब आमच्याकडे, साहेब आमच्याकडे. दोन तास झाले. मी दोनदा बाहेर जाऊन आले. मला बोलायला सांगितलं होतं, पण मी माझी पाळी पुढं ढकलत होते.

तेवढ्यात आई उठली. इतक्या वर्षांत विहारात आई कधी माइकजवळ गेली नव्हती. पांढरी साडी सावरत गेली, माइक दोन्ही हातांनी धरला.

"तुमी सगळे जण सांगून रायले का साहेब तुमच्याच घरी रायत," आई म्हणाली. "चांगली गोष्ट हाये. मले एकच इचारायचं हाये. मंग रोज माह्या भाकरीले नावं ठेवणारा तो माणूस कोण होता?"

आणि विहार असं काही हसलं! पंचफुलाबाई तर डोळे पुसत पुसत हसत होत्या. आई आपल्या जागेवर येऊन बसली. माझ्या मांडीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "करपलेली नसे तरी म्हणत, करपली. दुसरी होयेपर्यंत तेवढाच येळ त्यायले चुलीजवळ बसाले भेटे."

*

एक राहिला. हा कोणी आणलेला नाही, हा माझाच आहे.

शेवटच्या आठवड्यात बाबा अकोल्याच्या दवाखान्यात होते. सोडियम उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, यात पेशंट असंबद्ध बोलतो, ओळखत नाही, घाबरू नका. बाबा सारखे सलाइन ओढायचे, पाय खाली सोडायचे, "चाला, जायचं हाये," म्हणायचे. कुठं, ते सांगता येत नव्हतं. भेटायला येणाऱ्यांची रांग तिथंही होतीच.

त्या दिवशी दुपारी वॉर्डबॉयनं सगळ्यांना बाहेर काढलं. आई घरी डबा आणायला गेली होती. पहिल्यांदा मी आणि बाबा, दोघंच. मी पलंगाजवळ उभी होते. स्टूल कोणीतरी उचलून नेलं होतं.

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग परक्या बाईशी बोलावं तसं, अदबीनं म्हणाले, "बाई, तुमचा पेशंट कोणता?"

मी म्हटलं, "इथंच आहे."

"संगं कोणी नाही का तुमच्या?"

"नाही."

"कोणत्या गावच्या?"

"तेल्हाऱ्याच्या."

"तेल्हाऱ्याच्या?" त्यांचा चेहरा उजळला. "कोणाच्या?"

मी म्हटलं, "वानखडे कंपाउंडरची पोरगी."

"वानखडे!" ते खुदकन हसले. "वयखतो ना मी त्याले. माणूस बरा हाये, पण लय घाईचा. कोणाचं बोलणं पुरं आयकत नाही, निघून जाते!" मग एकदम गंभीर झाले. डोकं थोडं उचलून हळू आवाजात विचारलं, "तुमच्यासंगं तरी बसते का कधी?"

खोटं बोलायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

मी म्हटलं, "नाही."

ते सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले. थेंब पडत होते. मग सुई लावलेला हात जपत, एकेक करून पाय ओढत, ते भिंतीकडे सरकले आणि अर्ध्या पलंगावर जागा केली.

"बसा मंग," म्हणाले. "सांगा. मले काही घाई नाही."